अर्ध्या बांधाची पाळी

१४ डिसेंबर २०२५

जितू,

‘आशीर्वाद’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. सहा वर्षांत ज्या भावाला एक ओळ धाडली नाही, त्याला आशीर्वाद द्यायचा माझा हक्क उरलाय का, ते तूच ठरव.

तुझं पत्र जनीआत्याच्या रोह्याच्या पत्त्यावर आलं. गावच्या पत्त्यावर टाकलं नाहीस ते बरं केलंस. आत्या एसटीनं स्वतः घेऊन आली, पोह्यांच्या पुडीखाली लपवून, जसा काही चोरीचा माल. हातात देताना म्हणाली, “धर गो. पोर जिता हाय.” मी तीन दिवस पाकीट उघडलं नाही. डब्याच्या मागे ठेवलं होतं. भाकरी थापताना त्याच्याकडे नजर जायची आणि तव्यावरची करपायची. शेवटी मनस्वीनंच फोडलं. आता ती कॉलेजात आहे, पेणला, पहिल्या वर्षाला. तू गेलास तेव्हा बारा वर्षांची होती आणि मामा कुठे गेला विचारत दारात बसायची.

फोन नंबर दिला नाहीस. लिहिलंस, ‘फोनवर तू रडशील आणि मी विरघळेन, म्हणून पत्रातच लिही.’ बरोबर ओळखलंस मला.

तुवालू हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मनस्वीच्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात तो देश नाहीच. फोनवर ती निळा समुद्र मोठा करत गेली, करत गेली, आणि मला वाटलं भावानं थट्टा केली. मग एक पांढरी रेघ दिसली. ती म्हणे जमीन. नऊ बेटं मिळून सव्वीस चौरस किलोमीटर. आपल्या पेण तालुक्यात असे पंधरा-वीस देश मावतील. माणसं अकरा हजार, पेण शहरात त्याच्या तिप्पट असतील. नदी नाही, ओढा नाही, पावसाचं पाणी टाक्यांत साठवून प्यायचं. आणि सगळ्यात उंच जागा पंधरा फूट! अरे, आपल्या देवळाचा कळस त्याच्याहून वर आहे. खारेपाटातून पळालास तो असल्या जागी जाऊन बसलास? आगीतून फुफाट्यात म्हणतात, तू पाण्यातून पाण्यात गेलास.

रागावू नको. मला भीती वाटली की मी थट्टा करते, हे तुला माहीत आहे.

लोसाला आमचा नमस्कार सांग. जहाज फिजीला लागलं, तिथे ही नर्स भेटली आणि तिच्यामागे तिच्या बेटावर गेलास, हे वाचून मनस्वी दिवसभर हसत होती. पण पोरीचं नाव गिरजा ठेवलंस, आपल्या आईचं, ते वाचलं आणि मी उठून चुलीपाशी गेले.

आपला बांध लोसाला कसा समजावायचा, म्हणून विचारलंस. असं सांग की आमच्याकडे खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, दीड माणूस उंच, पाऊण कोस लांब, एका टोकाला उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार, दुसऱ्या टोकाला देऊळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी बांधाच्या कंबरेपर्यंत चढतं. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात भोकं पाडतात; एक राहिलं तरी तिथून बांध फुटतो, त्याला आम्ही खांड जाणं म्हणतो. म्हणून उधाणाच्या दिवशी सकाळी ओहोटीला एका घरानं बांध चालायचा आणि भोकं बुजवायची. ज्याच्या दारात पाळीची काठी, त्याची त्या दिवशीची जबाबदारी. उधाण सरलं की काठी पुढच्या दारी. एवढं तिला कळेल.

आणि तू विचारलंस, ‘त्या नारळी पौर्णिमेला बांधावर तू काय पाहिलंस, ते एकदा नीट लिही.’

काय लिहू? तेव्हा सांगितलं तेच. काठी आपल्या दारात होती. तुझी रात्रपाळी, म्हणून उघाडीपासून तिवरांच्या वळणापर्यंतचा अर्धा बांध मी चालायचा आणि वळणापासून देवळापर्यंतचा तू, कंपनीतून आलास की. मी माझा अर्धा चालले. वळणाजवळ एक भोक होतं, ते पेंढा-चिखलानं गच्च बुजवलं. ते टिकलं. तुला बदली माणूस मिळाला नाही, तू आला नाहीस, आणि दुपारच्या भरतीला वळणाच्या पलीकडे खांड गेली. यापुढचं तुलाही ठाऊक आहे.

पोरीची पापी घे. पत्र पोचायला दीड महिना लागतो म्हणतोस. तोवर समुद्राकडे पाठ करून झोपू नका.

अनिताताई


११ जानेवारी २०२६

जितू,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मागचं पत्र अजून फिजीतच कुठेतरी पडलं असेल, विमानाची वाट बघत.

मनस्वी रोज तुमच्या देशाची नवी बातमी आणते, जसं काही आपलं सासर ठरलंय तिथे. पहिलं मला पटेना, की तुमच्या संसदेत सोळा माणसं आणि पक्ष एकही नाही. आपल्या पंचायतीत नऊ सदस्य आणि पक्ष चार, त्यातला एक सदस्य सकाळी एका पक्षात असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. राजा मात्र तुमचा इंग्लंडचाच, होय का? तो कधी बेट बघायला आला तर त्याला सांग, पायघड्या उंचावर घालाव्या लागतील. सैन्य नाही. खरंच आहे, लढायचं ते पाण्याशी, आणि पाण्यावर बंदूक कशी चालवणार?

मग ती म्हणाली, सरकार चालतं ते समुद्रावर. जमीन मूठभर, पण भोवतीचा समुद्र अफाट, आणि परक्या देशांच्या बोटी तिथे ट्यूना पकडायला परवाने घेतात. शिवाय इंटरनेटवर देशाच्या नावाची दोन अक्षरं आहेत, ‘टीव्ही’, ती जगाला भाड्यानं देतात. हे ऐकून कारखान्यात सगळे हसले. जोह्यातला प्रणितचा कारखाना आठवतो ना, जिथे मी गणपतींचे डोळे आखते? प्रणित म्हणाला, “आपल्या गावाच्या नावाची दोन अक्षरं कुणी घेल काय रं भाड्यानं?” मीही हसले. आणि हसता हसता हात हलला. माघी गणपतीची मूर्ती होती, हातभर उंचीची. प्रणित वाकून बघतो आणि म्हणतो, “ताय, देव तिरला झाला.”

वीस वर्षांत माझ्या हातून देव तिरळा झाला नव्हता. पुसून पुन्हा काढला. पण आता प्रत्येक डोळा दोनदा तपासते, जितू. तुझं पत्र आल्यापासून भीती बसलीय.

भीती कसली, ते विचारू नको. मनस्वीनं तुमच्या मुख्य बेटाचा व्हिडिओ दाखवला. विमानाची धावपट्टी, आणि संध्याकाळी तिच्यावर पोरं फुटबॉल खेळतात, कारण तेवढीच मोकळी जागा. दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, एका नजरेत! मग दुसरा व्हिडिओ. भरतीचं पाणी जमिनीखालून, भोकाभोकांतून वर येतंय आणि अंगणात कोंबड्या पाण्यात उभ्या आहेत. मी म्हटलं बंद कर. ती म्हणाली, “आई, ते मामाचं बेट नाही.” मी म्हटलं, पाणी तेच आहे.

ऑस्ट्रेलियाशी करार झालाय ना? दरवर्षी दोनशे ऐंशी माणसांना चिठ्ठ्या काढून तिकडे राहायला नेतात म्हणे. तुम्ही नाव घाला. लोसाचं, गिरजाचं, तुझं. माझं ऐक, या वेळी तरी.

बाबा गेले, ते आत्यानं तुला जहाजाच्या कंपनीच्या पत्त्यावर कळवलं होतं. एक तिनं कळवलं नसेल. काठी आपलं दार गाळून जाते. सुशीलच्या दारातून सरळ बायजाकाकीच्या दारात. कुणी काही बोलत नाही, भांडण नाही, पाणी भरायला रांगेत उभी राहिले तर जागाही देतात. पण काठी गाळतात. बाबा शेवटपर्यंत ओट्यावर बसून बघायचे, या वेळी तरी ठेवतात का. शेवटच्या दिवसांत एकच विचारायचे, “अने, जितूनं आसा कसा केला गो?”

मी त्यांची घोंगडी सारखी करून आत जायचे.

त्या दिवशी मी घाईत होते. एवढंच आज लिहिते. पुढच्या पत्रात बाकीचं लिहीन.

तुझी ताई


१० फेब्रुवारी २०२६

जितू, जितू,

तुझं दुसरं पत्र आज आलं. डिसेंबरात लिहिलेलं, म्हणजे माझं एकही पत्र मिळण्याआधीचं. आत्यानं फोनवर वाचून दाखवलं आणि मी कारखान्यातून तशीच सुटले, रंगाचे हात घेऊन, पेणहून रोह्याची गाडी धरली. आत्याच्या ओट्यावर बसून लिहितेय. अक्षर वाचता आलं नाही तर कुणाकडून लावून घे. नाही, कुणाकडून नको. तूच वाच.

तुझे शब्द आहेत हे: ‘परदेशी मदतीतून पोत्यांची मोठी भिंत समुद्राकडे बांधली, तिच्यामागे आम्ही गावकऱ्यांनी प्रवाळाचा चुरा आणि बोटीनं आणलेली माती घालून बुटका बांध घातलाय, पुलाकाच्या खड्ड्यांभोवती. पुलाका म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ, त्याच्या कंदावर इथली घरं जगतात. त्या बांधाची जबाबदारी बेटाच्या पंचायतीनं माझ्यावर टाकलीय. म्हणाले, तू बांधाच्या गावचा. ताई, इथेही खेकडे भोकं पाडतात. मी सगळ्यांना तुझी पद्धत शिकवली. पेंढा नाही, तर नारळाचा काथ्या. आत काथ्या कोंबायचा, वरून चिखल थापायचा. तुझ्या हातचं ते एक भोक त्या दिवशी टिकलं होतं, तेवढ्यावर माझी भिस्त. मार्चच्या पौर्णिमेला किंग टाईड आहे, वर्षातलं सगळ्यात मोठं पाणी. आमचं घर त्या बांधाला लागूनच आहे.’

ते टिकलं नव्हतं.

ऐकतोस ना? ते भोक टिकलं नव्हतं. खांड तिथेच गेली.

सगळं सांगते. पंधरा ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, सकाळचे सात. गणपतीला अठरा दिवस होते आणि कारखान्यात अकरा मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या. मी उघाडीपासून निघाले. वळणाच्या अलीकडे, आपल्या दोन अर्ध्यांच्या सीमेच्या दगडापासून पाच पावलांवर, माझ्या बाजूला, खालच्या अंगाला भोक दिसलं. माझं मनगट आत गेलं. आतून गार लागलं. बाबांनी आपल्याला लहानपणी शिकवलंय की असं भोक वरून बुजवायचं नसतं. शेताच्या बाजूनं ते संपेपर्यंत उकरायचं, मोकळी माती काढून टाकायची आणि खाडीतला घट्ट चिखल ढेकळाढेकळानं घालून प्रत्येक थर पायानं तुडवायचा. दोन तासांचं काम. मला जोह्याची साडेआठची गाडी होती. भाताच्या उडवीतला पेंढा उपसला, कोंबला, वरून चिखलाचा हात फिरवला. लांबून इतकं सुरेख दिसत होतं! मला सुरेख दिसायला येतं, जितू, तोच माझा धंदा.

पेंढा पाणी अडवत नाही. दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी आत ओढतो. वरचा चिखल सुका दिसतो आणि आत बांध पेज होतो. काथ्याही तेच करणार.

भरती आली आणि खांड गेली ती चाळीस हात. सीमेचा दगडही तिच्यात वाहून गेला. लोकांनी मला विचारलं, अने, वळणाच्या अलीकडे की पलीकडे? सगळे चिखलात उभे होते. बायजाकाकीचा विठूकाका डोक्याला हात लावून बसला होता, त्याचं लाल राता भात डोळ्यांदेखत खाऱ्या पाण्याखाली जात होतं. मी म्हटलं, “पलीकडं.”

एक शब्द. तू तेव्हा अजून कंपनीतून घरी यायचा होतास.

मग तो शब्द मागे घेता येईना. आज घेईन, उद्या घेईन. तुझं आणि किमयाचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा वाटलं आता सांगावं. तीन वर्षं शेतं पिकली नाहीत, विठूकाका दुसऱ्या वर्षी गेला, मग तर सांगण्याची सोयच राहिली नाही. तू बॅग उचलून जहाजावर गेलास तेव्हा मी डबा बांधून दिला तुला. लाडू दिले. बाबांनी तो प्रश्न विचारत डोळे मिटले आणि मी त्यांचे पाय चेपत गप्प बसले.

मला काय वाटायचं ते वाटू दे. तुला जे करायचं ते कर माझं. पण काथ्या काढ! एकूण एक भोक उकर. बुडापर्यंत उकर.

आणि आता डोकं चालायला लागलं. हे पत्र पोचायला दीड महिना. पौर्णिमा तीन मार्चला. एकवीस दिवस.

आत्या विचारतेय, काय लिवतंस गो एवढा, रडतंस कनाला? तिला काय सांगू? तुझा नंबर कुणाकडेच नाही. पोरगी तुझी चार वर्षांची आहे ना?


१९ फेब्रुवारी २०२६

जितू,

मागचं पत्र पोस्टात टाकलं, पण त्याच्या भरवशावर बसले नाही. तुला आता सगळं कळलेलं आहे, तरी कसं घडलं ते माझ्या हातानं लिहून ठेवते.

रोह्याहून त्याच संध्याकाळी परतले. मनस्वी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तुझ्या मामाच्या बेटाच्या पंचायतीला इंग्रजीत निरोप धाडायचाय, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, काय लिहू? आणि मी उभ्या उभ्या सांगायला लागले. तिनं दोन ओळी लिहिल्या, मग तिची बोटं थांबली.

“म्हणजे मामानं केलं नव्हतं?”

“नाही.”

“तू मला म्हणालीस मामा निष्काळजी आहे. मी शाळेत सगळ्यांना तेच सांगितलं, आई.”

“लिही आधी. मग काय बोलायचं ते बोल.”

तिनं लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. तुमच्या बेटाच्या पंचायतीचा पत्ता शोधायला तिला दोन तास लागले. एका ठिकाणाहून निरोप परत आला, मग राजधानीतल्या कुठल्याशा कार्यालयाचा पत्ता मिळाला. त्यांना लिहिलं की हे तातडीनं त्या बेटावर पोचवा, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. जितेश नावाचा भारतीय माणूस, बांधाचं काम बघतो. आणि सगळं लिहिलं. पेंढा, वळण, दगड, माझं नाव. मी म्हटलं होतं, माझं नाव कशाला, नुसतं काथ्या काढा म्हण. तर पोर म्हणाली, “का काढा, ते कळल्याशिवाय कोण काढेल? मामाचा तर तुझ्यावर विश्वास आहे.”

पाच दिवस काही नाही. मी जेवले की नाही आठवत नाही. मनस्वी माझ्याशी मोजकं बोलायची. रोज सकाळी पंचांगात पौर्णिमा बघायचे, जशी काही ती पुढे सरकणार होती. खाडीवर जाऊन भरतीची खूण बघायचे. आपलं पाणी आणि तुझं पाणी एकाच चंद्राचं, म्हणून इथे वीतभर चढलं की तिकडे किती चढलं असेल, याचा हिशेब करत बसायचे. वेडेपणा, दुसरं काय.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. मनस्वीनं मराठीत सांगितलं ते असं: ‘आपला निरोप राजधानीहून रेडिओवरून आम्हाला मिळाला. तो काल सभाघरात वाचून दाखवला. आमच्याकडे बेटाचा कारभार सभाघरात सगळ्यांसमोर चालतो आणि बांधाचा निरोप सगळ्यांचा असतो. आधी इंग्रजीत वाचला, मग आमच्या भाषेत. आपले बंधू पुढच्या रांगेत बसले होते. देव आपलं रक्षण करो.’

मी ते चारदा वाचून घेतलं. तू पुढच्या रांगेत बसला होतास. मांडीवर गिरजा असेल. आणि कुणी परका माणूस उभा राहून तुझ्या बहिणीचं पाप आधी एका भाषेत वाचतोय, मग दुसऱ्या. पाचशे माणसं ऐकतायत. तुझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसेना, जितू. खूप प्रयत्न केला.

आणि मग दुसरंच सुचलं. सात समुद्रापलीकडे ज्यांनी मला कधी बघितलं नाही त्यांना सगळं ठाऊक, आणि माझ्या दारासमोर राहणाऱ्या बायजाकाकीला नाही. तिकडे पोरंटोरं सांगतील की त्या अनिता नावाच्या बाईनं खोटं सांगितलं. इथे मी काकींकडून विरजण आणते.

काल गेले. काकी अंगणात वाल सोलत होत्या. धनेश, त्यांचा मुलगा, मोटरसायकल पुसत होता. बसलेसुद्धा नाही. म्हटलं, “काकी, खांड वळणाच्या पलीकडं नाय, अलीकडं गेली. माझ्या अर्ध्यात. मी पेंढा कोंबला व्हता. जितूचा काय दोस नाय.”

धनेशच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. काकी सोलत राहिल्या. चार शेंगा सोलल्या असतील.

“तुझ्या काकाला मरताना ठाव व्हता काय?” त्यांनी विचारलं.

“नाय.”

“जितूला शिव्या घालीत मेला तो.”

“व्हय.”

“जा आता. माझ्या डोल्यापुढून जा.”

मी आले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नळावर आज माझ्यापुढे कुणी नव्हतं, मागेही नव्हतं. भीती वाटते, मनस्वीला घेऊन इथे राहायचं कसं. पण तीन मार्चची भीती मोठी आहे, तिच्यापुढे ही मला नीट वाटूनही घेता येत नाही.

तू काथ्या काढलास का? एवढं एकच कुणाकडून कळव.


३ मार्च २०२६, सकाळ

जितू,

काल होळी पेटली. मी गेले नाही. लांबून बोंबा ऐकल्या. एक-दोन माझ्या नावाच्याही असतील. शिमगाच तो.

परवा पंचायतीच्या पत्त्यावरून चार ओळी आल्या, तुझ्या: ‘एकतीस भोकं उकरली. नऊ आतून ओली होती. एक आमच्या घरामागचं, त्यात हात कोपरापर्यंत गेला. सगळं बेट उकरायला आलं होतं, लोसाची म्हातारी आईसुद्धा. तुझ्याशी काय बोलायचं ते मला अजून कळत नाही.’

ताई असं लिहिलं नाहीस. मी शोधलं. नाही कळत तर नको बोलू. कोपरापर्यंत हात गेला म्हणतोस, तिथे मी वाचायची थांबले होते.

मनस्वी म्हणते तुमची आजची भरती आपल्या साडेदहा-अकराला भरेल. आता सात वाजलेत.

आणि ऐक. पहाटे दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर बायजाकाकी उभ्या होत्या. मला वाटलं आता काय ते होणार. मी मनस्वीला आत ढकललं. काकींच्या हातात पाळीची काठी होती. त्यांनी ती भिंतीला टेकवली.

“ही जितूच्या नावाची हाय,” त्या म्हणाल्या. “सा वर्सां गाळली त्याची पाळी. तो नाय तर तू चाल. आख्खा बांध चाल, देवलापावत. मी वळणावर बसतंय.”

“काकी, मना भ्या वाटतंय.”

“वाटू दे. भ्या वाटतंय तोच नीट उकरतंय.”

मी निघतेय. कुदळ घेतलीय, पाटी घेतलीय. पेंढा घेतलेला नाही.


त्याच दिवशी, संध्याकाळ

उघाडीपासून देवळापर्यंत चालले. सात भोकं, बहुतेक उथळ. वळणाच्या अलीकडे तीन आणि पलीकडे चार. सातही उकरली, तुडवली. काकी वळणावर छत्री उघडून बसल्या होत्या, सबंध वेळ. अकरा वाजले तेव्हा मी पाचव्या भोकात कंबरेपर्यंत वाकले होते आणि तुझ्या घरामागचं पाणी डोळ्यांसमोर होतं. हात थांबले. तेव्हा काकी एवढंच म्हणाल्या, “तुडव गो, तुडव.” म्हणून तुडवत राहिले.

आपलं उधाण साडेबाराला भरलं. बांध कोरडा राहिला.

घरी आले तर मनस्वी दारातच होती, हातात फोन. ती तीन आठवड्यांनी माझ्या गळ्यात पडली, म्हणून काय ते मला वाचण्याआधी कळलं. तुझा निरोप: ‘पाणी पोत्यांच्या भिंतीवरून आलं. बांधाला येऊन थांबलं, चार तास. बांध उभा आहे. पुलाका वाचला. गिरजा झोपलीय. ताई, खाली नंबर देतोय. रडायचं असेल तर रड.’

सहाशे अठ्ठ्याऐंशीपासून सुरू होतो. मी दोनदा तीन आकडे दाबले आणि फोन ठेवून दिला. बांधावर वाटली नाही एवढी भीती आता वाटतेय. तुझा आवाज कसा झाला असेल, ते मला माहीत नाही. मी आधी काय म्हणू, तेही माहीत नाही. काठी अजून भिंतीला टेकलेली आहे. उद्या ती पुढच्या दारी द्यायची. बाबा असते तर दिवसभर ओट्यावर बसून तिच्याकडेच बघत राहिले असते.

आता लावते. रडणार नाही, असं काही सांगत नाही.

तुझी ताई